स्टॉक चुकतो तो गल्ल्यावर

महोदय,

दिवाळीच्या तोंडावर ऑनलाइन विक्री सुरू करणारे चप्पल दुकानदार आधी स्टॉक सांभाळणारे सॉफ्टवेअर घेतात. घ्यावेच, पण स्टॉक चुकतो तो गल्ल्यावर. गर्दीत चिठ्ठीवर लिहिलेली विक्री रात्री चढवायची म्हटली, की तोवर तोच जोड संकेतस्थळावरही विकला जातो आणि ऑर्डर रद्द करावी लागते. ॲमेझॉनवर विक्रेत्याने स्वतः रद्द केलेल्या ऑर्डरींचे प्रमाण 2.5 टक्क्यांखाली ठेवावे लागते; शंभरात तीन गेल्या की मर्यादा ओलांडली. म्हणून बारकोड वाचल्याशिवाय जोड पिशवीत जाऊ नये, गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

कोड प्रत्येक मापाला वेगळा हवा. कापशी या कोल्हापुरी चपलेच्या प्रकाराला प्रकार, रंग आणि माप असा: 'कापशी-टॅन-8', 'कापशी-टॅन-9'. 'कापशी, 12 जोड' ही नोंद निरुपयोगी. त्यात नेमका 8 नंबर संपलेला असतो. फडताळातला आकडाही जसाच्या तसा ऑनलाइन दाखवू नये. 8 नंबरचे 6 जोड आहेत, 2 ऑर्डरी पॅक व्हायच्या आहेत, 1 राखीव. म्हणजे ऑनलाइन 3. दुकानातले बिल संकेतस्थळापर्यंत पोहोचायला काही मिनिटे लागतात, तेवढ्यासाठी हा राखीव जोड. ऑर्डर आलेले जोड लगेच काढून, ऑर्डर क्रमांक चिकटवून वेगळ्या खणात ठेवावेत, नाहीतर दुसरा विक्रेता ते गिऱ्हाइकाच्या पायात घालून मोकळा होतो.

परतीच्या मालाचा घोळ वेगळाच. पार्सल परत आल्याची नोंद होताच काही प्रणाली तो जोड आपोआप शिलकीत धरतात. ही सोय बंद ठेवावी. खोके उघडून दोन्ही पायांचे माप, तळ आणि अंगठा पाहावा, मगच जोड विक्रीला लावावा. घासलेला तळ दिसला तर खराब मालाच्या खात्यात टाकावा. हाताने बनवलेल्या कोल्हापुरीत एका कारागिराचा 8 नंबर दुसऱ्याच्या 8 पेक्षा थोडा लांब भरू शकतो. तळाची लांबी सेंटिमीटरमध्ये दिली तर परतीच कमी होतात.

मार्चअखेर सगळे दुकान मोजत बसण्यापेक्षा रोज एक खण मोजावा, आणि खोकी उघडूनच. मांडणीतला उजवा पाय कुठल्या खोक्यातला हे हमखास विसरले जाते. घालून पाहण्याच्या गडबडीत डावा 8, उजवा 7 असेही जोड तयार होतात. मोजणी दुकान उघडण्याआधी करावी आणि आकडा भरेपर्यंत त्या खणातल्या मालाची ऑनलाइन विक्री थांबवावी. नाहीतर मधल्या वेळेत आलेल्या ऑर्डरीने कमी झालेली शिल्लक नव्या आकड्याने पुन्हा वाढते.

— एक पादत्राणे विक्रेता, कोल्हापूर