आधी रुमाल टाक

सोलापूर, रविवार दुपार

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोलता बोलता तू म्हणालीस, "बाबा, रंगांच्या ट्यूबा वाळून दगड झाल्या," आणि लगेच "ठेवते, कुकर झाला" म्हणून फोन ठेवलास. आई शेजारीच बसली होती. बोलली काही नाही, पण उठून तिच्या वाजवायच्या पेटीवरची चादर उगाच सारखी केली. म्हणून स्वयंपाकातून तुझ्या चित्रांना वेळ कसा काढायचा, ते सांगायला हे पत्र लिहितोय. फोनवर सांगायला गेलो तर तुझा कुकर पुन्हा व्हायचा.

माझ्या निवृत्तीनंतर आईची टाच दुखायला लागली आणि डॉक्टरांनी तिला फार वेळ उभं राहू नका म्हणून सांगितलं, तेव्हा स्वयंपाकघराची निम्मी ड्यूटी माझ्याकडे आली, हे तुला माहीत आहे. त्याच्या आधीचं मात्र तुला सांगितलेलं नाही. कंडक्टरची खोड जात नाही. एका मंगळवारी मी ओट्याशेजारी खुर्ची टाकून बसलो आणि आईच्या दिवसाचं वेबिल लिहिलं, म्हणजे आम्ही गाडीत फेरीचा हिशेब लिहायचो तसं. गॅस कधी पेटला, कधी विझला, ती कधी बसली, कधी उठली. तिला वाटलं मी हिशेब तपासतोय, म्हणून आधी चिडलीच. रात्री बेरीज केली तर सहा तास दहा मिनिटं. त्यात चिरणं, फोडणी, शिजवणं असं खरं काम अडीच तासांच्या आतच होतं. बाकीचा वेळ वाट बघण्यात, डबे हुडकण्यात, ओटा चार वेळा पुसण्यात गेला. आणि तवा पाच वेळा तापला होता.

तवा पाच वेळा का तापला, ते खाली लिहिलेलं होतं. सकाळी तुझ्या भावाचा डबा, दुपारी आमचं जेवण, संध्याकाळी भाऊ आला तेव्हा, मग मी फिरून आलो तेव्हा, आणि शेवटी आईची स्वतःची भाकरी. एसटीत "हात दाखवा, गाडी थांबवा" असते ना, तसं आमचं स्वयंपाकघर तीस वर्षं चाललं होतं. ज्याने हात दाखवला त्याच्यासाठी तवा थांबला. आणि सगळ्यात जास्त हात मीच दाखवले. मंगळवेढ्याची शेवटची फेरी करून रात्री साडेदहाला आलो तरी मला भाकरी तव्यावरचीच लागायची. गार भाकरीला मी नाक मुरडत होतो, ते कुठल्या वेबिलात धरायचं?

तेव्हापासून तवा दिवसातून एकदाच तापतो, सकाळी. जो उशिरा येईल त्याला गार भाकरी. पहिला आठवडा भावाचं तोंड वाकडं होतं. आता तोच गार भाकरीवर तूप आणि शेंगाचटणी घालून गुंडाळी करतो.

संध्याकाळसाठी कडक भाकरी. आपल्या गावात राहून मला हे साठाव्या वर्षी सुचावं, ह्याचीच लाज वाटते. तू पुण्यात हॉटेलात पाहुण्यांना कौतुकाने खाऊ घालतेस ती वस्तू मुळात वेळ वाचवायचीच आहे. सुगीत, प्रवासात, जिथे चूल मांडता येत नाही तिथली. गल्लीच्या टोकाला मावशी करतात, त्यांच्याकडे मी तासभर उभा राहून बघितलं. पातळ थापतात, अगदी कडेपर्यंत एकसारखी. आधी नेहमीसारखी भाजतात. मग मंद आचेवर फडक्याने दाबत दाबत फिरवत राहतात, आतली वाफ संपेपर्यंत. हाताला ओल लागली नाही, टिचकी मारली की पापडासारखी वाजली, मग उतरवायची. ओलच नाही म्हटल्यावर बुरशी कुठून येणार? कोरड्या डब्यात महिनाभर राहते. तुमच्याकडे पावसाळ्यात सादळेल, तेव्हा तव्यावर दोन मिनिटं मंद शेक, पुन्हा वाजायला लागते. आमटीत कुस्करली की जेवण झालं. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी आता ह्याच असतात.

माझे घोटाळेही लिहितो, नाहीतर तू तेच करशील. पहिल्या रविवारी उत्साहात मी ज्वारीचं पीठ तीन दिवसांचं मळून फ्रीजमध्ये ठेवलं. कणीक ठेवता येते, तर हे का नाही? सकाळी गोळा हातात घेतला तर थापताना चारी बाजूंनी फाटला. आई दारात उभी राहून हसत होती. शेजारचे डोकावून म्हणाले, "काय करलालाव हो?" ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. जी काही विरी आहे ती गरम पाणी घालून ताजं मळलं तरच येते, आणि पीठ जुनं झालं की तीही जाते. म्हणून दळण आठ-दहा दिवसांच्या वर आणायचं नाही. मालदांडी ज्वारी असली तरी.

दुसरा घोटाळा मेथीचा. लक्ष्मी मार्केटातून चार जुड्या आणल्या, निवडल्या, स्वच्छ धुतल्या, डब्यात दाबून भरल्या. तिसऱ्या दिवशी डबा उघडला तर आत चिखल. निवडून ठेव, पण धुवू नको. सुती फडक्यात सैल गुंडाळ, धुणं चिरायच्या वेळी.

जे जमलं ते थोडकंच आहे. रविवारी आम्ही दोघं टीव्हीसमोर बसून आठवड्याचा लसूण सोलतो, पाकळ्या आधी कोमट पाण्यात टाकतो म्हणजे सालं सुटतात. दाण्याचं कूट एक मोठी बरणी. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत परतून, वाटून, फ्रीजमध्ये. काळं तिखट तर आई मे महिन्यात वर्षाचं करतेच. म्हणजे निम्मी आमटी आधीच झालेली असते, फक्त पाणी आणि डाळ राहते. सांडगेही तसेच. गच्चीवर चाळीस अंशांच्या वर ऊन तापतं त्याला आपण शिव्या घालतो, पण वर्षाचं वाळवण तेच करून देतं.

कुकरचं तुला सांगायला हवं, कारण तुझ्या शिट्ट्या मी फोनवर मोजतो. सात-सात होतात. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांपर्यंत तापतं, कुकरात दाबामुळे एकशेवीसच्या आसपास जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. पण पहिली शिट्टी झाल्यावर गॅस मोठा ठेवून जास्त काही शिजत नाही, नुसती वाफ बाहेर जाते. बारीक कर. डाळ अर्धा तास आधी भिजव. आणि गॅस बंद केल्यावर नळाखाली धरू नको, वाफ आपोआप उतरेपर्यंत आत शिजतच असतं. तेवढ्या वेळात तू ओट्यापाशी उभी राहायची काय गरज आहे?

काय करायचं हे ठरवण्यात जाणारा वेळ वेबिलात धरता आला नव्हता. आई रोज दुपारी तीनला "संध्याकाळी काय करू" म्हणायची आणि आम्ही सगळे "काहीपण" म्हणायचो. आता कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या मागे सात ओळी लिहून फ्रीजला चिकटवल्यात. गुरुवारी पिठलं म्हणजे पिठलं. फक्त पाणी सुटायच्या दिवशी काही खरं नसतं, त्या दिवशी भांडी, बादल्या आणि टाकी, आणि खिचडी.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. एवढं सगळं करून पहिल्या आठवड्यात रोज दीड-दोन तास वाचले. मी खुश. आईने त्या वेळात काय केलं? फळ्या पुसल्या. डबे घासले. माळ्यावरचा पसारा काढला. सोमवारी पडद्यांना हात घातला तेव्हा माझ्या लक्षात आलं की रिकामी सीट कोणासाठी थांबत नसते, जो पुढे असेल तो बसतो. आणि घरात काम नेहमी पुढेच उभं असतं.

गाडी फलाटाला लागायच्या आत लोक खिडकीतून रुमाल टाकतात, आठवतं? एसटी 1948 साली सुरू झाली, रुमालही बहुतेक त्याच साली सुरू झाला असणार. नियमात तो बसत नाही, मी किती भांडणं सोडवली त्यावरून. पण रुमालावर सहसा कोणी बसत नाही, हेही मीच बघितलंय. म्हणून मी आईची पेटी आतल्या खोलीतून उचलून हॉलमध्ये आणली, खिडकीखाली. तिच्या वडिलांनी दिलेली पेटी, एकतीस वर्षं सोलापुरी चादरीखाली. भाता उंदरांनी कुरतडलेला, दोन सूर बोलतच नव्हते. दुरुस्त करून आणली. आणि सांगितलं, चार ते पाच हा रुमाल. त्या वेळात चहा मी करणार, दार मी उघडणार, आणि ओट्यावर भांडी पडली असतील तर पडू दे.

पहिले चार-पाच दिवस ती सा धरून नुसती बसायची. मधेच कान स्वयंपाकघराकडे. एकदा उठली, मी म्हटलं, "बाई, सीट सोडू नका." त्यावर इतकी हसली की भाता हातातून सुटला. आता भूप वाजवते. अडखळते, पुन्हा सुरुवातीपासून धरते.

तर तू आधी वेळ वाचव आणि मग चित्र काढ, असं करू नको. उलटं कर. बुधवार आणि शनिवार, रात्री साडेआठ ते साडेनऊ. टेबलावर कागद लावून ठेव, पाण्याचा पेला भरून ठेव. मग त्याच्या मागेपुढे स्वयंपाक बसव, बसतो. जावईबापूंना माझा निरोप दे, की सासरे तीस वर्षं उशिरा शिकले, तुम्ही लवकर शिका. नातवाला लसूण सोलायला बसव, त्याला खेळच वाटेल.

रंग नवीन घे. वाळलेल्या ट्यूबा भिजवत बसू नको, त्यातही वेळ जातो.

शुक्रवारी समोरचे पुण्याला येताहेत, त्यांच्याबरोबर वीस कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवतोय. चटणी आईने उखळात कुटली आहे, मिक्सरमधली नाही. तिथे मात्र तिने माझं काही ऐकलं नाही. भाकरीची पिशवी आडवी ठेवू देऊ नको, चुरा होईल. आणि स्टीलचे दोन डबे आठवणीने परत पाठव. मागच्या वेळचे अजून तुझ्याकडेच आहेत.

तुझा,
बाबा