कॅरॅव्हॅनची बॅटरी वाटेत का भरत नाही?

महोदय,

गाडीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे ओढून न्यायचे फिरते घर, जोडली की तिची बॅटरी प्रवासात आपोआप भरते, हा समज अर्धाच खरा आहे. दोष बहुधा बॅटरीचा नसतो, वायरचा असतो. गाडीच्या बॅटरीपासून कॅरॅव्हॅनच्या बॅटरीपर्यंत सात मीटर अंतर धरले तर जाऊन-येऊन चौदा मीटर तांबे लागते. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमधून २० अँपिअर गेले, तर जवळपास १.९ व्होल्ट वाटेतच जिरतात. १६ चौरस मिलिमीटरला हीच घट ०.३ व्होल्ट. वायरवर पैसे वाचवून महाग बॅटरी घेणारे पाहिले की हसू येते.

दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा साधा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, त्यांना साधारण १३.३ व्होल्टला (इंजिन चालू असताना) जोडतो, १२.८ला तोडतो. म्हणून मुक्कामी कॅरॅव्हॅनचे दिवे रात्रभर जळले तरी सकाळी इंजिन सुरू होते. पण स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारे, व्होल्टेज स्वतः बदलणारे यंत्र) गाडीची बॅटरी भरली की व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो, आणि चालत्या गाडीतच रिले सुटतो. तिथे डीसी-डीसी चार्जरच हवा, म्हणजे कमी व्होल्टेज आले तरी बॅटरीला हवे तेवढे करून देणारा. तोही कॅरॅव्हॅनच्या बॅटरीजवळ, इग्निशनच्या वायरने चालू होणारा. २५ अँपिअरचा चार्जर गाडीकडून तिसाहून जास्त ओढतो, त्यामुळे फ्यूज ४०चा. फ्यूज दोन्ही टोकांना लावावा, कारण दोन्हीकडे बॅटरी आहे. फ्रिजची लाइन स्वतंत्रच ठेवावी.

तपासणी इंजिन चालू ठेवून, भार देऊनच, म्हणजे वीज खाणारे काही चालू ठेवूनच करा. गाडी आणि कॅरॅव्हॅन जोडणाऱ्या प्लगची हिरवट पडलेली पिनही भार नसताना मल्टिमीटरवर पूर्ण व्होल्टेज दाखवते.

— एक वाहन-विद्युत तंत्रज्ञ