सर, तुम्ही आधी मालकाला फोन लावायला सांगितलंत

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

माझ्या मुलीचा लॅपटॉप चालू करून दिल्याबद्दल तोंडी आभार मानून झाले आहेत. तरी हे पत्र चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. लॅपटॉप चालू होण्याआधी तुम्ही जे केलंत ते मला जास्त मोलाचं वाटतं. डिचोली, साखळी, पेडणे, कुठेही वापरलेला लॅपटॉप विकत घेणाऱ्या घरांना ते कळायला हवं.

मुलगी अकरावीला गेली आणि नवा लॅपटॉप यंदा परवडण्यासारखा नव्हता. ओळखीतल्या एका आजोबांकडून जुना मिळाला. घरी आणून लावला तर पडद्यावर त्यांच्या मुलाचं नाव आणि खाली पासवर्डची चौकट. मुलगा आखातात, आजोबांना पासवर्ड ठाऊक नाही. एका दुकानात नेला, तिथे "ठेवून जा, उडवून देतो" एवढंच उत्तर मिळालं. नेमकं काय उडवणार, ते कुणी सांगेना. शेवटी शेजारणीने तुमच्याकडे पाठवलं.

तुमचा पहिला प्रश्न होता, "हा कुणाचा?" लॅपटॉप पालथा करून त्याचा सिरीयल नंबर तुम्ही कागदावर उतरवून घेतलात, आजोबांकडून विक्रीची चिठ्ठी लिहून आणायला सांगितलंत आणि मुलाला फोन लावायला लावलात. "घेतलेलं यंत्र तुमचं, पण आतलं सामान अजून त्याचं आहे," हे तुमचं वाक्य माझ्या मुलीने वहीत लिहून ठेवलं आहे.

त्या मुलाला इतक्या वर्षांनी पासवर्ड आठवत नव्हता. "पुसून टाका सगळं," तो सहज म्हणाला. तुम्ही घाई केली नाही. आत काय काय असेल ते आठवून बघ म्हणालात. मग त्याला आठवलं, जुनं घर पाडायच्या आधीच्या शेवटच्या चवथीचे, म्हणजे गणेश चतुर्थीचे, फोटो त्यातच होते. माटोळी (गणपतीवर टांगलेली फळापानांची सजावट), आरती, आजीभोवती बसलेली सगळी भावंडं. दुसरीकडे कुठेही ते ठेवलेले नव्हते. दुकानात उडवले असते तर ते गेले, हे आम्हाला कळलंही नसतं.

पुढचं काम तुम्ही मुलीच्या हातून करून घेतलंत, याचे आभार वेगळे. "बाय, तू बस, मी सांगतो," म्हणालात आणि स्वतः कीबोर्डला हात लावला नाहीत. आधी कुलूप कुठलं ते पाहिलंत. यंत्र सुरू होतानाच, विंडोज यायच्या आत पासवर्ड मागितला तर ते बायोसचं, म्हणजे यंत्राच्याच मूळ प्रोग्रॅमचं कुलूप, त्यासाठी बिल घेऊन कंपनीकडेच जावं. आमचं कुलूप फक्त विंडोजचं होतं. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर तिने लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी प्रणाली, तयार केलं, उतरवलेली फाइल अस्सल आहे ना हे बघायला तिचा एसएचए-२५६ हा ओळख-आकडा संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवून घेतला, चालू करताना एफ १२ दाबलं आणि पेन ड्राइव्ह निवडला. काहीही न बसवता मिंट नुसत्या पेन ड्राइव्हवरून चाललं आणि विंडोजची डिस्क त्यातून उघडली. लॉगिनचा पासवर्ड असला की आतलं सगळं सुरक्षित, असंच मी धरून चालले होते. तुम्ही समजावलंत की तो फक्त दाराचा पहारा. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करण्याच्या सोयीने, बंद केलेली असती तर ४८ अंकी रिकव्हरी की लागली असती, आणि ती नसती तर फोटोंवर पाणी सोडावं लागलं असतं.

सही करून घेतल्यासारखी परवानगी होती, तरी तुम्ही तिला एकही फोटो मोठा करून बघू दिला नाहीत. फोल्डर उचलायचा, वेगळ्या पेन ड्राइव्हवर टाकायचा. तो आजोबांकडे गेला, त्यांच्या नातवाने फोटो उघडून पाहिले, आखातात पाठवले, तिकडून "मिळाले" असा निरोप आला. त्यानंतरच डिस्क पुसायला घेतली. तीही नुसती फॉरमॅट नाही. साध्या फॉरमॅटने फाइली जागेवरच राहतात आणि शोधून काढता येतात, म्हणून अख्ख्या ५०० जीबीवर शून्यं लिहून घेतलीत. त्याला कितीतरी तास गेले. लॅपटॉपची बॅटरी संपलेली, बाहेर पाऊस, आणि आपल्याकडची वीज पावसात कशी जाते ते सर्वांना ठाऊक आहे. तुम्ही तुमच्या इन्व्हर्टरवर तो लावून ठेवलात.

पुसलेल्या डिस्कवर मग मिंटच बसवलं. पुन्हा विंडोजच का नको, हेही सांगते, कारण मला अनेकांनी विचारलं. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आमचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा. मिंटला चार जीबी रॅम पुरते, तेवढी त्यात होती. वायफाय आधी दिसेना, तेव्हा फोन यूएसबीने जोडून इंटरनेट घेतलं आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून वायफायचा ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्रॅम) घेऊन ते सुरू केलं. मराठीसाठी कीबोर्डच्या यादीतला कगप हा उच्चाराप्रमाणे चालणारा कीबोर्ड निवडला. इंग्रजी के दाबला की क उमटतो, त्यामुळे मुलीला वेगळं शिकावं लागलं नाही. कॉलेजच्या कामाबरोबर ती आता माझ्या सासूबाईंच्या फुगडीची गाणी टाइप करते. त्या गाणी म्हणतात, ही लिहिते. काही गाणी इतक्या कडव्यांची आहेत की त्यांनाही मधे थांबून आठवावं लागतं.

पैशांचं विचारलं तर "पेन ड्राइव्ह तेवढा परत द्या, पुढच्याला लागेल," म्हणालात. तो शनिवारी मुलीबरोबर पाठवते.

आणि एक विनंती आहे. आमच्या वाड्यावरच्या वाचनालयात जुने संगणक झाकून पडले आहेत, त्यांचाही पासवर्ड कुणाला ठाऊक नाही. मुलगी म्हणते तुम्ही नुसते शेजारी बसा, ती करेल. समितीचं लेखी पत्र मी घेऊन ठेवलं आहे, आणि पूर्वीच्या ग्रंथपालांनाही विचारलं आहे. त्यांना वाचकांची यादी हवी आहे, बाकी काही नको. तुम्हाला सवड कधी आहे, ते कळवावं.

आपली नम्र,
डिचोलीतली एक आई