माऊस पत्र: स्कोप आणि काडतुसं घेण्याआधी

रविवार कारंजा, नाशिक
डिसेंबर, दुसरा आठवडा

चि. माऊस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून नुसतं 'बघतो' लिहिलं. रात्री जेवणं उरकल्यावर कागद घेऊन बसलोय. रायफलवर बसवायच्या दुर्बिणीचे, म्हणजे स्कोपचे, पैसे मी देणार आहे, ती काळजी करू नकोस. पण तू ज्या स्कोपचा फोटो पाठवलास, 6-24 पट आणि पुढची काच 50 मिलिमीटरची, तो घेऊ नकोस.

दोन वर्षांपूर्वी क्लबच्या .22 रायफलवर लावायला मी तुला असाच एक मोठा स्कोप आणला होता. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून तू दहा गोळ्या मारल्यास आणि त्या सगळ्या आडव्या पसरल्या. मी तुला रेंजवर सगळ्यांसमोर बोललो. गाल नीट टेकत नाहीस, चाप ओढताना हिसका देतेस, असं काय काय म्हणालो. तू काही बोलली नाहीस. घरी येताना गाडीतही गप्प होतीस.

पुढच्या रविवारी तू यायच्या आधी मी रायफल पिशव्यांवर पक्की बसवली, हात लावला नाही, आणि नुसता डोळा मागे डावीउजवीकडे हलवून पाहिलं. स्कोपमधली फुली टार्गेटवर सरकत होती. हा पॅरॅलॅक्स. माझा जन्म भिंगं घासण्यात आणि नंबर काढण्यात गेला, आणि तो मला आठ दिवस उशिरा दिसला. तुला तेव्हा 'स्कोप बदलू' एवढंच सांगितलं. चूक तुझी नव्हती हे सांगायचं राहून गेलं, ते आज लिहितो.

त्याचं गणित समजून घे. तो स्कोप मोठ्या रायफलींसाठी होता, त्याचा पॅरॅलॅक्स कारखान्यातच 100 यार्डांवर, म्हणजे 91 मीटरवर पक्का केलेला. तू 50 मीटरवर मारत होतीस. 50 मिलिमीटरच्या काचेच्या अगदी कडेच्या बाजूने डोळा पाहत असेल तर निशाण 11 मिलिमीटरपर्यंत चुकतं. आपल्या टार्गेटवर दहाचं वर्तुळच 10.4 मिलिमीटरचं. म्हणजे फुली दहाच्या मध्यावर दिसत असतानाही गोळी नवात जाऊ शकते. तोच पॅरॅलॅक्स 50 यार्डांवर जुळवलेला आणि काच 40 ची असेल तर कडेची चूक 2 मिलिमीटरच्या आत येते. म्हणून रिमफायरसाठी, म्हणजे .22 सारख्या रायफलींसाठी, बनवलेला स्कोप तरी घे, नाहीतर पॅरॅलॅक्स हाताने जुळवता येतो असा घे आणि तो 50 मीटरच्या बराच अलीकडे येतो का ते पाहा. दुकानात पैसे देण्याआधी रायफल टेकवून डोळा हलवून बघायचं. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

24 पटीचा मोह सोड. पुढच्या काचेच्या मापाला पटीने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी कळते. 40 ला 10 ने भाग, 4 मिलिमीटर. 50 ला 24 ने भागलं तर जेमतेम 2, आणि मग डोळा केसभर हलला की चित्र काळं पडतं. शिवाय दुपारी जमिनीवरून उठणारी गरम हवाही 24 पट मोठी होऊन नाचते. 50 मीटरवर 5.6 मिलिमीटरचं भोक बघायला 12 पट पुष्कळ झाली.

काचेवर मात्र पैसे घाल. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण 4 टक्के प्रकाश परत फिरतो. स्कोपच्या पोटात असे 12 पृष्ठभाग धरले तर जवळजवळ 40 टक्के उजेड वाटेतच गेला. सगळ्या पृष्ठभागांवर बहुपदरी लेप असलेला स्कोप म्हणूनच महाग असतो, आणि तो पैसा वाया जात नाही. आणि निशाण सरकवायच्या गुंडीचे क्लिक तपासायचे. पाव मिनिटाचा (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग) एक क्लिक 50 मीटरवर साडेतीन मिलिमीटरच्या थोडा वर गोळी हलवतो. उजवीकडे वीस, वर वीस, डावीकडे वीस, खाली वीस, प्रत्येक कोपऱ्यावर तीन गोळ्या. शेवटचा ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, पहिल्यावरच यायला हवा. नाही आला तर काच कितीही चांगली असो, तो स्कोप परत करायचा.

एवढं करून तो स्पर्धेत चालणार नाहीच, हे तुला माहीत आहे. आपल्या 50 मीटर रायफलच्या प्रकारांत भिंग असलेली साइट लावू देत नाहीत. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली आणि स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसहून 451.4 गुणांचं कांस्य आणलं, ते पीप साइटवरच, म्हणजे बारीक भोकातून पाहायच्या, बिनभिंगाच्या साइटवर. तरीही मी तुला स्कोप घेऊन देतोय तो एकाच कामासाठी. तुझ्या रायफलला कुठलं काडतूस मानवतं हे शोधताना तुझ्या नजरेची चूक मधे येऊ नये. म्हणून माझा खरा जीव काडतुसांत आहे.

.22 च्या काडतुसात पेटणारं मिश्रण पुंगळीच्या पोकळ कडेत भरलेलं असतं. तिथे ते सगळीकडे सारखं बसलं नाही, की दारू कमीजास्त पेटते आणि वेग बदलतो. दोन गोळ्यांत सेकंदाला 10 मीटरचा फरक पडला तर 50 मीटरवर खालीवर सुमारे साडेसात मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक अख्खं वर्तुळ. ही पुंगळी आपल्याला पुन्हा भरताही येत नाही. त्यामुळे सगळी भिस्त कारखान्यावर आणि लॉटवर, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या खेपेवर.

'हाय व्हेलॉसिटी' लिहिलेली डबी घेऊ नकोस. ती गोळी ध्वनीपेक्षा वेगाने निघते, वाटेत वेग उतरताना डगमगते आणि वाऱ्यातही जास्त वाहते. सेकंदाला 320-330 मीटरने निघणारी साधी 40 ग्रेन वजनाची (अडीच ग्रॅमच्या थोडी वर) शिशाची गोळी तुला हवी. सरावाला एसके कंपनीची काडतुसं घे. लापुआची .22 काडतुसंही जर्मनीत श्योनेबेकच्या त्याच कारखान्यातून येतात. स्पर्धेसाठी लापुआ, एली टेनेक्स आणि आरडब्ल्यूएस आर 50, तिन्ही मारून बघ. महाग तेच चांगलं असं धरून चालू नकोस. तुझी नळी कदाचित मधल्या किमतीच्या काडतुसावर खूश होईल, आणि शेजारच्या मुलीच्या रायफलचा अनुभव तुला लागू पडणार नाही.

प्रत्येक गोळीवर मेणासारखं वंगण असतं आणि नळीत त्याचा थर बसलेला असतो. काडतूस बदललंस की पहिल्या वीसएक गोळ्या मोजायच्याच नाहीत. त्यानंतर दहादहाचे चार ग्रुप. पाच गोळ्यांचा ग्रुप फार फसवतो, एखादा सुंदर निघाला की माणूस त्याच्यावरच विसंबतो. डबीवरचा लॉट नंबर प्रत्येक कागदावर लिही. टेनेक्सच्या डबीवर लॉटबरोबर वेगही छापलेला असतो, तोही लिही. जो लॉट जुळेल त्याची पूर्ण मोसमाची काडतुसं एकदम घेऊ, परवान्यावर जेवढी बसतील तेवढी. त्याच नावाचा पुढचा लॉट तसाच निघेल असं नाही.

एक जपायचं. तिकडे पुण्यात गाडीत उन्हात डबी ठेवू नकोस, वंगण पातळ होतं. आणि काडतुसं चटईवर सांडू नकोस, धूळ त्या मेणाला चिकटते आणि सरळ नळीत जाते. आज सकाळी इथे इतकी थंडी होती की निफाडकडचे द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवून बसले असतील. अशा थंडीत वेग थोडा उतरतो. तेव्हा सकाळी सातला एक लॉट आणि दुपारी दुसरा, अशी तुलना करू नकोस. एकाच वेळी, आलटून पालटून मार.

आईने डिंकाचे लाडू केलेत, ते घेऊन मी येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी येतो. स्कोप तेव्हाच मिळून घेऊ. तोवर पीप साइटवरच एसकेचे चार ग्रुप मारून ठेव. वाईट निघालेला कागदही फाडू नकोस, मला चारही हवेत. ग्रुप मोजायला दुकानातलं व्हर्नियर बरोबर आणतो.

तुझा,
बाबा