चि. वैष्णवीस, बंदुकीच्या चापाबद्दल

चि. वैष्णवी,
अनेक आशीर्वाद.

आपल्या रायफलीचा चाप जड झाला, त्यावर तू धाडलेला व्हिडिओ आईच्या फोनवर पाहिला. तो माणूस तेलदगडावर सिअर (म्हणजे काडतुसावर आपटणारी पिन, स्ट्रायकर, अडवून धरणारा खटका) घासून चाप हलका करतो खरा, पण त्याची रायफल वेगळी, आपली वेगळी. तू मेकॅनिकलची आहेस, म्हणून जरा खोलात सांगतो.

आपली .315 इछापूरच्या सरकारी कारखान्याची, जुन्या ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या बनावटीची. चाप दोन टप्प्यांचा. आधी मोकळा येतो, मग अडतो, मग सुटतो. तो अडकाव मुद्दाम ठेवलेला आहे. पौषात रानडुकरांपासून पीक राखायला जागलीला बसलं की बोटं बधिर होतात आणि पल्याडच्या धुऱ्यावर शेजारी बसलेला असतो. अशा वेळी मला तो हवाच. नेमबाजीतला हलका चाप तुरीच्या वावरात काय कामाचा?

आता तो जड काहून झाला ते पाहू. या बनावटीत चाप खालच्या गार्डला (चापाभोवतीच्या कड्याला) लटकतो आणि सिअर वर बॉडीला बसतं. मधे दस्त्याचं लाकूड. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर, श्रावणात भिंतीला ओल. लाकूड आकसतं, फुगतं आणि त्या दोघांतलं अंतर बदलतं. म्हणून आधी गार्डचे स्क्रू सैल आहेत का ते पाहायचं, मग थिजलेलं तेल. घरी एवढंच, तेही मॅगझीन काढून, बोल्ट मागं ओढून, चेंबर डोळ्यानं आणि बोटानं तपासून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून.

सिअरच्या तोंडाला हात लावायचा नाही. वरचा कडक थर घासला गेला की खालचं मऊ लोखंड उघडं पडतं. काही दिवस चाप झकास वाटतो, मग धार झिजते, आणि बोल्ट जोरात लोटला तरी बार उडू शकतो. स्प्रिंग कापण्याचंही तेच.

शिवाय 1959 च्या शस्त्र कायद्यानं बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. लायसन्स माझं आहे, ते बाळगायचं, कारागिरीचं नाही. (तुझ्या काकाला हे कधीच पटलं नाही. आणि डुकराचं म्हणशील तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी, पिकासाठी वनखात्याचा कागद वेगळा काढावा लागतो.)

तर नागपूरला परवानाधारक कारागिराकडे नेऊ. काम झालं की तिथंच, रिकाम्या रायफलीवर, त्याच्यासमोर तपासायचं. बोल्ट जोरानं बंद करायचा, दस्ता रबरी चटईवर आपटायचा. मग सेफ्टी लावून चाप ओढायचा, सोडायचा आणि सेफ्टी काढायची. यातल्या कशानंही स्ट्रायकर पडला, तर रायफल त्याच्याकडेच ठेवून यायची.

दिवाळीला येताना कॉलेजच्या लॅबमधून स्प्रिंग काटा मागून आण. जड म्हणजे किती पौंड, ते तरी मोजू. लष्करी ली-एनफिल्डला पाच-सहा पौंडांचा दुसरा टप्पा चालतच होता.

आईनं ज्वारीच्या पापड्या भरून ठेवल्या आहेत.

तुझे,
बाबा