तुम्ही येण्याआधी, नुबेसाठी

ती. आई-बाबांना सा. न.

तुम्ही मार्चमध्ये इथे पोचाल तेव्हा नुबेला आमच्याकडे येऊन तीनच आठवडे झालेले असतील. दिवसा आम्ही दोघंही कामावर, म्हणजे घरात तिच्यासोबत तुम्हीच. बाबा फोनवर म्हणाले, "कुत्र्याचं काय एवढं, भाकरीचा तुकडा टाकला की पायाशी लोळतं." हे कुत्रं तसं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. पत्र छापून घ्या आणि येताना सोबत ठेवा.

नुबे ही स्पेनमधली गाल्गा, म्हणजे गाल्गो जातीची मादी. आपल्याकडे जतच्या बाजूला कारवानी कुत्री दिसतात ना, लांब तोंड, खोल छाती, पोट पाठीला लागलेलं, तोच बांधा डोळ्यांपुढे आणा. वासावर नाही, नजरेवर शिकार करणारी जात. माळावर ससा उठवायचा आणि त्याच्यामागे दोन गाल्गो सोडायचे, हा तिकडचा जुना खेळ. कास्तिया, एक्स्त्रेमादुरा, आंदालुसिया या भागांत तो आजही कायदेशीर आहे. हंगाम साधारण ऑक्टोबर ते जानेवारीअखेर. त्यानंतर पुढच्या हंगामापर्यंत कुत्र्याला फुकट कोण पोसणार, असा हिशेब होतो. म्हणून फेब्रुवारीत तिथल्या आश्रयगृहांत पाय ठेवायला जागा नसते.

दुसरं कारण मला जास्त लागतं. एक-दोन हंगाम पळालेलं हुशार कुत्रं सशाच्या मागे मागे धावत नाही, तो कुठे वळणार ते ओळखून आडवं जातं. या खेळात असं कुत्रं 'घाणेरडं' ठरतं, मालकाची लाज काढणारं. म्हणजे ज्याने डोकं चालवलं, त्यालाच शिक्षा. कुणी ओढ्यात सोडून देतं, कुणी आडविहिरीत टाकतं, कुणी झाडाला लटकवतं. सगळेच शिकारी असे नसतात, म्हातारं कुत्रं शेवटपर्यंत सांभाळणारेही आहेत. पण 2023 मध्ये स्पेनने प्राणिकल्याणाचा नवा कायदा केला, तेव्हा शिकारी कुत्र्यांना त्यातून वगळलं.

नुबेच्या मानेवर डाव्या बाजूला बोटभर व्रण दिसेल. युरोपात कुत्र्याच्या मानेत तांदळाच्या दाण्याएवढी चिप घालतात, तिचा पंधरा आकडी नंबर मालकाच्या नावावर असतो. मालक सापडू नये म्हणून काही जण ती कापून काढतात. तिचे पुढचे दात अर्धे झिजलेत, ते पिंजऱ्याची जाळी चावून चावून. या दोन गोष्टी पाहून आईच्या पोटात तुटेल आणि ती पटकन जवळ घ्यायला जाईल. आई, तेच करू नकोस.

पहिले काही दिवस नुबे कोपऱ्यात मूर्तीसारखी बसेल. हात लावला तरी हलणार नाही. आपण अशा कुत्र्याला 'गरीब आहे' म्हणतो. ती गरीब नाही, ती घाबरून थिजलेली आहे. ओठ चाटणं, उगाच जांभया देणं, मान फिरवणं, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसणं, या सगळ्याचा अर्थ 'जरा लांब राहा' एवढाच. तुम्ही सोफ्यावर आपापलं काम करत बसायचं. तिच्याकडे टक लावून पाहायचं नाही, वाकायचं नाही, डोक्यावरून हात फिरवायला जायचं नाही. ती आपणहून येऊन हात हुंगेल, तेव्हा छातीच्या बाजूला दोन-तीन सेकंद खाजवायचं आणि थांबायचं. तिने अंग टेकलं तर पुन्हा, नाहीतर पुरे. झोपलेली असताना कधीच हात लावू नका. ही कुत्री अर्धवट उघड्या डोळ्यांनी झोपतात, त्यामुळे जागी वाटते, आणि दचकून तोंड टाकते. उठवायचंच असेल तर लांबून नावाने हाक मारायची. (रेबीजची लस झालेली आहे, बाबा. त्याशिवाय आणि लस घेऊन 21 दिवस झाल्याशिवाय देशाबाहेर आणताच येत नाही.)

आता सगळ्यात महत्त्वाचं, दार. सोडवून आणलेली अशी कुत्री हरवतात ती बहुतेक पहिल्या काही आठवड्यांत, दारातून किंवा पट्ट्यातून निसटून. गाल्गो ताशी साठ किलोमीटरच्या आसपास पळतो, म्हणजे तुम्ही "अगं अगं" म्हणेपर्यंत ती तीस मीटर लांब. म्हणून बोळात आम्ही जाळीचं दुसरं दार बसवलंय. बेल वाजली की आधी ते लागलंय का हे हाताने हलवून बघायचं, मगच बाहेरचं दार उघडायचं. पार्सलवाला थांबेल. गच्चीच्या काचेच्या दारावर चिकटपट्टीचे आडवे पट्टे दिसतील, ते काढू नका. आयुष्यात कधी घरात न राहिलेल्या कुत्र्याला काच कळत नाही, ती थेट जाऊन आदळते.

फिरायला पहिला महिना आम्हीच नेऊ. पुढे बाबांना न्यावंसं वाटलं तर पट्ट्यांचं गणित आधी समजून घ्या. गाल्गोची मान डोक्याहून जाड, त्यामुळे साधा गळपट्टा कानांवरून सहज निघतो. तिचा पट्टा चार-पाच सेंटिमीटर रुंद आहे आणि ओढला की आवळतो. तो मानेच्या वरच्या टोकाला, कानांच्या मागे बसला पाहिजे. अंगावरच्या साजाला तीन पट्टे आहेत. पहिले दोन छातीभोवती, तिसरा शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेच्या खोलगट भागात. हा तिसराच तिला वाचवतो. घाबरलेलं कुत्रं पुढे पळत नाही, मागे सरकतं आणि साज डोक्यावरून उतरवतं. तिसरा पट्टा रुंद छातीवर अडतो आणि साज निघत नाही. प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच सैल ठेवायचा.

दोऱ्या दोन, एक गळपट्ट्याला आणि एक साजाला. दोरीचा फास आधी मनगटात, मग मुठीत. आपोआप गुंडाळणारी दोरी या घरात नाही आणि आणूही नका. तिची प्लास्टिकची मूठ हातातून सुटली की खडखडत कुत्र्याच्या मागे धावते, आणि कुत्रं त्या आवाजापासून जीव घेऊन पळत राहतं. नुबे मागे सरकायला लागली तर समोरून ओढू नका. दोन पावलं तिच्याकडे जा, दोरी सैल पडू द्या. ओढ थांबली की तीही थांबते.

आणि तरीही सुटलीच तर मागे धावू नका, नावाने ओरडू नका. जिथून सुटली तिथेच एक जण बसून राहा, दुसऱ्याने मला फोन करा. तिच्या पट्ट्याला जीपीएस आहे, मी फोनवर बघेन. तिचं नाव इथल्या टासो या पाळीव प्राण्यांच्या नोंदवहीत आहे, तिकडे आणि पोलिसांना मी कळवते. माणसं गोळा करून शोधायला निघणं सगळ्यात वाईट, कारण गर्दी तिला रस्त्यावर हाकलते. घाबरलेली कुत्री बहुतेकदा रात्री शांत झाल्यावर सुटलेल्या जागी फिरून येतात, म्हणून तिथे तिचं अंथरूण आणि खाणं ठेवायचं. गरज पडली तर कॅमेरा आणि सापळा लावतात.

बाबा, आता तुमच्या काठीबद्दल. हातात काठी धरलेला पुरुष पाहिला की अशी कुत्री जमिनीला चिकटतात किंवा जागेवरच लघवी करतात. काठी लपवायची नाही, तुम्हाला ती लागतेच. पहिल्या दिवशी ती हॉलमध्ये जमिनीवर आडवी ठेवा आणि आजूबाजूला उकडलेल्या कोंबडीचे नखाएवढे तुकडे टाका. ती खायला लागली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसल्या बसल्या काठी मांडीवर घ्या. मग उभी, पण टेकवलेली. काठीने कुठे काही दाखवायचं नाही, उचलायची नाही. खालचा रबर झिजला असेल तर निघण्याआधी बदला, खटखट आवाज कमी होईल. झाडू आणि मोटारसायकलचंही तसंच. शिकारी या कुत्र्यांना गाडीला बांधून मैलोनमैल पळवतात, त्यामुळे इंजिनाच्या आवाजाने ती थरथरते.

आई, तुझा कुकर. शिट्टी झाली की ती पलंगाखाली. पहिले पंधरा दिवस आम्ही तिला बाहेर नेऊ तेव्हाच कुकर लाव, डाळ भिजवून ठेव म्हणजे लवकर होईल.

खाण्याचं मात्र मी स्पष्टच लिहिते. तिच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसतील, आणि गाल्गोला ती दिसायलाच हवीत. ती 21 किलोची आहे, 24 पर्यंत न्यायची, आठवड्याला दोन-तीनशे ग्रॅमच्या हिशेबाने. तूप-भाकरी कालवून घालू नकोस. एकदम स्निग्ध पडलं तर स्वादुपिंडाला सूज येते, उलट्या सुरू होतात. अगदी उपाशी सापडलेल्या कुत्र्याला तर आश्रयगृहातही पहिल्या दिवशी लागणाऱ्या अन्नाच्या चौथाई हिस्साच देतात, तोही पाच-सहा वेळा मूठ-मूठ. एकदम पोटभर घातलं की रक्तातलं फॉस्फरस झपाट्याने उतरतं आणि वाचलेलं कुत्रं खाऊन मरतं. आता ती त्या टप्प्याच्या पुढे आहे. दिवसातून तीन वेळा, डब्यातल्या मापाने, आणि खाल्ल्यावर दोन तास पळापळ नाही, पोटाला पीळ पडू शकतो.

तासगावचे बेदाणे आणणार असशील तर आण, पण वरच्या कपाटात, झाकणाच्या डब्यात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करतात, आणि नेमके किती चालतात याचा भरवसा नाही, म्हणून एकही नाही. त्यातल्या टार्टारिक आम्लावर संशय आहे, आणि तेच चिंचेत भरपूर असतं. तेव्हा आमटी बंद. कांदा-लसूण घातलेलं कुठलंच कालवणही नाही, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि ओट्यावर काही उघडं ठेवू नकोस. मागच्या पायांवर उभी राहिली की तिचं तोंड थेट ओट्यावर पोचतं. तिने पळवलं तर रागवायचं नाही, चूक झाकण न लावणाऱ्याची.

तिला लाइशमानिया आहे. बाबा, बिहारातला कालाआजार ऐकलाय ना, त्याच कुळातला रोग, वाळूमाशी चावून होणारा. भूमध्य समुद्राकाठच्या कुत्र्यांत खूप आढळतो. हात लावून, चाटून तो आपल्याला होत नाही. मिल्टेफोसिनचा 28 दिवसांचा कोर्स स्पेनमध्येच झालाय. आता सकाळ-संध्याकाळ खाण्यासोबत ॲलोप्युरिनॉल, किलोला दहा मिलिग्रॅमच्या हिशेबाने, म्हणजे शंभरच्या दोन-दोन गोळ्या. हो, तुमच्या युरिक ॲसिडचीच गोळी. म्हणून तुमचा डबा बेडरूममध्ये आणि तिचा फ्रीजवर, एकमेकांत मिसळू देऊ नका. या गोळीने लघवीत झँथिनचे खडे होऊ शकतात, त्यामुळे कलेजी, सुकट, बांगडा तिला वर्ज्य. वाटीत पाणी कायम भरलेलं हवं. ती वारंवार बसतेय आणि लघवी थेंब थेंब होतेय असं दिसलं तर संध्याकाळची वाट न पाहता मला फोन करा.

घरात केलं तर ओरडू नका, तिला घर म्हणजे काय हेच अजून ठाऊक नाही. पुसायचं द्रव सिंकखाली निळ्या बाटलीत आहे. जिन्यावर ती अडते, ओढू नका. पुढचा एक पाय, मग मागचा, आम्ही शिकवतोय.

तिला पुन्हा पळता येईल का, असं आईने विचारलं होतंस. येईल, पण कुंपणाच्या आत. सहा फूट उंच जाळीचं एक मैदान तासाने भाड्याने मिळतं, शनिवारी तिकडे जाऊ. उघड्यावर दोरी कधीच सुटणार नाही. ससा दिसला की तिच्या कानात कुणाचीच हाक शिरत नाही.

येताना एकच आणा. आजीच्या जुन्या गोधड्यांपैकी दोन, त्या निळ्या काठाच्या. हिच्या अंगावर चरबी नाही, कोपरांवर सिमेंटवर झोपून घट्टे पडलेत, आणि इथल्या गाद्यांचा फोम महिन्याभरात बसतो. गोधडीची चौघडी केली की चांगली जाड होते आणि मशीनमध्ये धुताही येते. वजनात बसत नसतील तर लोणच्याची बरणी कमी करा.

तुमची,
मनू