आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : निळी रोषणाई झाली, आता बसायला एक खोली द्या

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

१४ नोव्हेंबरचा जागतिक मधुमेह दिन जवळ आला की आपल्या खात्यात लगबग सुरू होते. इमारतींवर निळी रोषणाई, तपासणी शिबिरं, मधुमेहाला हरवण्याच्या घोषणा. इन्सुलिनच्या शोधात ज्यांचा मोठा वाटा, त्या फ्रेडरिक बँटिंग यांचा हा जन्मदिवस. २०१७ साली तर या दिवसाचा विषयच महिला आणि मधुमेह असा होता. शिबिरात बोटाला सुई टोचतात, आकडा सांगतात, हातात एक रंगीत पत्रक देतात आणि बाई घरी जाते. पुढे तिचं काय होतं, ते कुठल्याच अहवालात येत नाही. हे पत्र त्या पुढच्या गोष्टींबद्दल आहे.

मला स्वतःला मधुमेह आहे. आम्ही काही जणी महिन्यातून एकदा जमतो. कुणी गोळ्यांवर, कुणी इन्सुलिनवर, एकदोघी लहानपणापासून टाइप १ असलेल्या, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही अशा. अध्यक्ष नाही, भाषण नाही, हारतुरे तर नाहीतच. तिथे जे बोललं जातं ते तपासणीच्या खोलीत बोललं जात नाही, त्यामुळे आपल्यापर्यंतही पोचत नाही.

एक उदाहरण देते. ऐकायला जरा अवघड वाटेल, पण आरोग्यमंत्र्यांनाच अवघड वाटायला लागलं तर आम्ही सांगायचं कुणाला? लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या हल्ली पुष्कळ जणींना दिल्या जातात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही त्यातली नावं. औषधं चांगली आहेत, हृदयाला आणि किडनीला त्यांचा फायदा होतो. पण साखर त्या वाटेने जाणार म्हटल्यावर तिथे बुरशी वाढायला आयती जागा मिळते. खाज, जळजळ, पांढरं जाणं हा त्रास बायकांना पुरुषांपेक्षा खूप जास्त होतो. एका बैठकीत एकजण मान खाली घालूनच म्हणाली, 'ती गोळी मी कधीच सोडलीय. डॉक्टरांना नाही सांगितलं.' का नाही सांगितलं? कारण खोलीत आणखी दोन पेशंट उभे होते आणि दार सताड उघडं होतं. तिचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं तोवर पलीकडून दुसरी म्हणाली, 'अगं, मीपण!' मग तिसरी.

यावरचा उपाय तसा सोपा आहे. बुरशीवरचं मलम किंवा गोळी, आणि तरीही त्रास परत परत होत असेल तर औषध बदलून घेणं. पण डॉक्टरांना कळलं तर ना! कागदोपत्री त्या तिघीही 'औषध चालू असून साखर आटोक्यात नाही' अशा होत्या. त्यातल्या एकीला तर आणखी एक गोळी वाढवून दिली होती.

आपल्या पत्रकात यातलं काहीही नसतं. तिथे असतं : वजन कमी करा, व्यायाम करा, वेळेवर जेवा. सल्ला खरा आहे, नाही म्हणत नाही. पण वेळेवर जेवा हे वाक्य लिहिणाऱ्याने जेवणाआधीचं इन्सुलिन टोचून घेतलेल्या बाईचा पुढचा अर्धा तास कधी पाहिला असेल, असं वाटत नाही. सुई घेतली, ताट समोर आलं, तेवढ्यात मूल रडलं. ते निजवून येते तर सासऱ्यांच्या औषधाची वेळ झालेली, मग फोन. इन्सुलिन मात्र थांबत नाही. हात थरथरायला लागतात, दरदरून घाम फुटतो, समोरचं बोलणं डोक्यात शिरत नाही. साखर ७० च्या खाली गेली की लगेच १५ ग्रॅम साखर पोटात जायला हवी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायला हवं. हे तिला माहीत असतं. घरातल्या बाकी कुणालाही माहीत नसतं. त्यांना वाटतं, बाई चिडचिड करतेय. पाळी जायच्या वयात तर आणखी घोळ. अंगातून वाफा निघून आलेला घाम आणि साखर उतरल्याचा घाम यात तिचं तिलाच कळेनासं होतं. ग्लुकोमीटरशिवाय ते सांगता येत नाही, आणि पट्ट्या संपत आल्या की सगळ्यात आधी तीच काटकसर करते. पाळीच्या आधी साखर का चढते, हा प्रश्न तर आमच्यातल्या बहुतेकींनी पहिल्यांदा विचारला तो एकमेकींना.

आता ज्या मुद्द्यावर मला आपल्याशी खरं भांडायचं आहे त्याकडे येते. गरोदरपणातला मधुमेह. वारेतून सुटणाऱ्या हॉर्मोन्समुळे या काळात शरीर इन्सुलिनला दाद देत नाही आणि काही जणींची साखर वाढते. साधारण २४ ते २८ व्या आठवड्यात तपासणी होते, आणि साखर निघाली की तिच्यासाठी अख्खी यंत्रणा कामाला लागते. आहाराचा तक्ता, रोजच्या नोंदी, दर भेटीत चौकशी. हे सगळं कशासाठी, तर पोटातलं बाळ फार मोठं होऊ नये, प्रसूती अडू नये म्हणून. बाळ होतं. साखर बहुतेक वेळा लगेच उतरते. 'गेला तुमचा डायबेटिस' असं हसतमुखाने सांगून बाईला घरी पाठवतात, आणि त्या क्षणापासून ती यंत्रणेच्या लेखी नाहीशी होते.

वास्तविक अशा बाईला पुढे टाइप २, म्हणजे मोठ्या वयात सर्रास आढळणारा मधुमेह होण्याची शक्यता इतर बाळंतिणींच्या मानाने सात ते दहा पट असते, हे मोठमोठ्या अभ्यासांतून पुढे आलेलं आहे. म्हणून प्रसूतीनंतर सहा ते बारा आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून पुन्हा तपासणी करायची, आणि पुढेही ठरावीक काळाने करत राहायची, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. कोण करतं? सहा आठवड्यांचं बाळ घेऊन, उपाशीपोटी, दोन तास प्रयोगशाळेच्या बाकावर बसायचं, तेही 'गेलेल्या' आजारासाठी! पण हीच बाई त्याच आठवड्यांत बाळाला लस द्यायला न चुकता येते. स्वतःसाठी न येणारी बाई बाळासाठी येते, तर तिची तपासणी तिथेच ठेवायला काय हरकत आहे? लसीकरणाच्या कार्डावर आईची साखर असा एक रकाना असावा, आणि गरोदरपणी साखर निघालेली आई आली की नर्सबाईंनी तो भरल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुसऱ्या बाळाचा विचार सुरू होण्याआधी हे कळायला हवं, कारण गर्भाचे मुख्य अवयव पहिल्या आठ आठवड्यांतच घडतात. पुष्कळ जणींना तोवर आपण गरोदर आहोत हेच नीटसं माहीत नसतं. त्या काळात साखर चढलेली असेल तर नंतरच्या कुठल्याही तक्त्याने ते भरून निघत नाही.

हृदयाबद्दल थोडक्यात. २०१४ साली साडेआठ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. मधुमेहामुळे हृदयविकाराची जोखीम जितकी वाढते, ती वाढ पुरुषांपेक्षा बायकांमध्ये ४४ टक्क्यांनी जास्त निघाली. हृदयविकाराच्या झटक्याच्या फलकावर मात्र छातीवर हात दाबलेला पुरुषच असतो. झटका येताना बाईला अनेकदा दम लागतो, मळमळतं, जबडा किंवा पाठ दुखते, विलक्षण थकवा येतो. आणि ती पित्त झालं म्हणून पडून राहते. चित्रकाराला एवढं सांगायला फार खर्च येऊ नये.

माझी मुख्य मागणी साधी आहे. प्रत्येक आरोग्य केंद्रात मधुमेही बायकांना महिन्यातून एकदा बसायला एक खोली द्या. दार बंद होणारी. गट चालवायला त्यांच्यातलीच एक प्रशिक्षित सोबतीण नेमा. तिने डोस बदलायचे नाहीत, औषधं सुचवायची नाहीत. सुई कुठे आणि कशी टोचायची, इन्सुलिन कसं जपायचं, रोज रात्री तळपाय कसे न्याहाळायचे, साखर उतरली तर घरच्यांनी काय करायचं, एवढं दाखवायचं, आणि ज्या गोष्टी डॉक्टरांच्या कानावर जायला हव्यात त्या त्या बाईच्या संमतीने पोचवायच्या. मन खचलेली कुणी दिसली तर तिला एकटीला सोडायचं नाही. मधुमेहात नैराश्य पुरुषांपेक्षा बायकांना जास्त गाठतं. वजन वाढेल या धास्तीने मुद्दाम इन्सुलिन चुकवणाऱ्या टाइप १ च्या तरुण मुलीही आहेत. त्या ही गोष्ट आईलासुद्धा सांगत नाहीत, पण स्वतः सुई घेणाऱ्या दुसरीला सांगतात.

आणि या सोबतिणीला मानधन द्या. कृपा करून 'सेवाभावी' हा शब्द इथे आणू नका. बायकांच्या फुकट कामावर पुष्कळ योजना उभ्या राहिल्या आणि बसल्याही. एकट्या नोव्हेंबरात रोषणाईवर, मंडपावर आणि जाहिरातींवर होणारा खर्च आपल्याच खात्याकडून मागवून पाहा. मानधनाची सोय त्यातूनच होईल असं मला वाटतं.

पैसा पुढच्या अर्थसंकल्पात पाहू, असं उत्तर येईल याची कल्पना आहे. पण कार्डावरच्या रकान्याला अर्थसंकल्प लागत नाही. लसीकरण कार्डांची पुढची छपाई सुरू होण्याआधी तेवढा आदेश निघावा, आणि निघणार नसेल तर का नाही, हे लेखी कळवावं, ही विनंती.

आपली,
मधुमेहासह जगणारी एक नागरिक